जीपगाडीचे दिवे आणि दक्षिण दिशा

आमच्या जीपगाडीचे जुने दिवे लागले आहेत की नाहीत, हे पाहायला खाली उतरून पुढं जावं लागे. गाडी लढाईतली, यांनी नागपूरच्या लिलावातून आणलेली. चारही चाकांना जोर असल्यामुळे चिखलात रुतलेली धानाची बैलबंडी ती ओढून काढी, पण उजेड म्हणाल तर बरणीत कोंडलेले दोन काजवे. त्यामुळे दिवस मावळला की हे गाडी असेल तिथं उभी करीत. आमचं गाव घोटच्या अलीकडं, भोवती सगळं रान. तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातच होता आणि रानातल्या वाटेवर माणसांपेक्षा अस्वलांची वर्दळ जास्त.

मला मात्र त्या वर्षी अंधारातून घरी यायचंच होतं. सासूबाईंनी आणि मी मिळून श्रावणात सोळा सोमवार धरले होते. मार्गशीर्षात उद्यापन आलं. ते मार्कंड्याला, महादेवाच्या जुन्या देवळात करायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. प्रदोषवेळी महादेवाला चुरमा दाखवायचा, त्यातला गाईचा आणि आपला वाटा घरी आणायचा आणि मगच उपास सोडायचा. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्या घरीच थांबणार. दोघींनी धरलेलं व्रत दोघींनीच सोडायचं, म्हणजे मी पोचेपर्यंत त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही जाणार नव्हतं. त्या सत्तरीच्या घरात. मार्कंड्याला मुक्काम केला असता तर म्हातारीचा जीव कासावीस झाला असता.

"दिव्याचं काही केलं तर जमन," हे म्हणाले. माझ्यासारख्या हळू बोलणारीनं एकदा मागितलेलं यांना टाळता येत नसे.

घुग्घुसच्या खाणीवर ट्रक दुरुस्त करणारा वारलू यांच्या ओळखीचा होता. त्यानं एका मोडीत निघालेल्या ट्रकचे दोन दिवे आणले. परातीएवढे दिवे. जीपच्या जाळीत ते मावेनात, तेव्हा त्यानं जुने दिवे काढून टाकले आणि नवे पुढच्या लोखंडी पट्टीवर नळीचे खुंट उभे करून बसवले. जुनी तार एवढा भार सोसणार नाही म्हणून बॅटरीपासून जाड तार ओढली आणि बटन जिथं जागा मिळाली तिथं लावलं. ती जागा नेमकी माझ्या गुडघ्याजवळ होती.

"म्हंजे दिवा वैनी लावन अन् गाडी तुम्ही चालवान," वारलू यांना म्हणाला.

"घरी बी असंच हाय," हे म्हणाले.

रविवारी संध्याकाळी दिवे लावून पाहायचे ठरले. अंगणात सगळं गाव जमलं. शेजारच्या गुणाबाईनं दोन्ही काचांना हळदीकुंकू लावलं आणि नाव घेतल्याशिवाय बटनाला हात लावू देणार नाही म्हणून माझी वाट अडवून उभी राहिली. मी पदर सावरून म्हटलं, "शंभूच्या कपाळी डोळा एक, गाडीच्या कपाळी दोन, अमुकरावांच्या शेजारी बसून निघाले, मला आता अडवील कोन." तिथं खरं नाव घेतलं होतं. इथं लिहीत नाही, त्या दिवशी घेतलं तेवढं पुरे.

हसू ओसरायच्या आत ओटीवरून सासूबाईंचा आवाज आला. सासूबाईंचं नाव रुखमाबाई, गावात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे.

"थांब वं इंदे. गाडीचं तोंड कोनीकडं हाय?"

गाडीचं तोंड दक्षिणेकडं होतं. दिव्याची वात दक्षिणेकडं करायची नाही, ती यमाची दिशा, हे लहान पोराला ठाऊक होतं. आणि आम्ही तर परातीएवढे दोन दिवे यमाच्या तोंडावर धरायला निघालो होतो. पाचसहा जणांनी गाडी ढकलून पूर्वेकडं वळवली. त्या गडबडीत गोठ्याचा खांब वाकला आणि गुणाबाईच्या वाळत घातलेल्या वड्या चाकाखाली गेल्या. मग मी बटन दाबलं.

काय सांगू. समोरचं चिंचेचं झाड पानापानानं उभं राहिलं. त्यावरची एकूणएक वटवाघळं उडाली. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले, संध्याकाळी घरात दिवा लागल्यावर जोडतो तसे. वारलूनंही जोडले, आणि मग दिवे आपणच बसवले हे आठवून खाली घेतले.

"आता आईक," सासूबाई यांना म्हणाल्या. "पूर्वेले लाव, पश्चिमेले लाव, उत्तरेले लाव. दक्षिनेकडं तोंड करून हा दिवा लावाचा नाई. व्रताच्या दिवशी त नाईच नाई."

"नाई लावत, माय," हे म्हणाले. मीही मान डोलावली. चिंच एवढी सुंदर दिसत होती की आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

सोमवारी दुपारी आम्ही निघालो. हे, मी आणि मागं चुरम्याचा डबा मांडीवर घेऊन गुणाबाई. चामोर्शीवरून मार्कंड्याला वेळेत पोचलो. दिवेलागणीला अभिषेक झाला, बेल वाहिला, चुरमा दाखवला. सोळा सोमवारांचं ओझं खांद्यावरून उतरलं आणि मी पिसासारखी हलकी होऊन गाडीत येऊन बसले. यांनी इंजिन चालू केलं. चामोर्शीपर्यंत उरलासुरला उजेड पुरला, ती मागं पडताच अंधार दाटला, वाट वळली आणि मी बटनाकडं हात नेला.

"अवो," हे एकदम म्हणाले, "घर कोनीकडं हाय आपलं?"

मी मागं वळून पाहिलं. ध्रुव थेट पाठीशी होता.

मी हात मागं घेतला. मग गुणाबाई डब्यावर डोकं टेकून हसायला लागली. "मार्कंडा उत्तरेले, त घर दक्षिनेलेच असन ना. गावभर लोक होते वं अंगनात, एकालेही नाई सुचलं."

परत जाता येत नव्हतं, पुढं दिसत नव्हतं आणि घरी सासूबाई उपाशी होत्या. वाट नागमोडी होती, हीच काय ती सोय. मी ध्रुवावर नजर ठेवून बटनावर बोट धरलं. वाट पूर्वेला वळली की दिवे लावायचे, दक्षिणेला वळली की विझवायचे. दिवे लागले की हे गाडी दामटत, विझले की गाडी गोगलगाईसारखी चाले आणि गुणाबाई मागून सांगे, "डावीकडं झाड हाय. थे झाडच हाय ना वं?"

समोरून धानाची एक बंडी आली. हाकणारा मुखरू ओळखीचा निघाला. त्यानं बैल आमच्या शेजारी थांबवले.

"भाऊ, तुमची गाडी काऊन डोळे मारून राह्यली? माहे बैल लाजले ना."

यांनी खरं काय ते सांगितलं. मुखरूनं गंभीरपणे ऐकून घेतलं. त्याच्या घरीही माय होती.

"मंग उलटी चालवा," तो म्हणाला. "तोंड उत्तरेकडं, चाल दक्षिनेकडं. वचनही राह्यते, घरही येते."

आणि यांनी खरोखर गाडी उलटी फिरवली. उत्तरेकडचं सगळं रान लख्ख उजळलं. मुखरूची बंडी, त्याचे लाजलेले बैल, तोंडावर हात धरून उभा मुखरू, सगळं स्पष्ट दिसत होतं. दिसत नव्हती ती फक्त आम्ही जात होतो ती बाजू. गाडी मागं मागं जात राहिली आणि धप्पकन वाटेकडेच्या तणसाच्या, धानाच्या पेंढ्याच्या ढिगात शिरली. मागं बसलेली गुणाबाई तणसात गडप झाली. डबा तेवढा तिनं दोन्ही हातांनी वर धरला होता.

पोटात दिवसभराचा उपास आणि वर ते हसू. मला श्वास घेता येईना. हे हातातल्या चाकावर डोकं टेकून हसत होते. मी व्रतस्थ बाई, एवढं कधी हसले नव्हते.

तणस झाडून पुन्हा निघालो आणि पुढं तलावाच्या पाळीवरचा सरळ रस्ता लागला. दोन्ही बाजूंना उतार, वळण कुठंच नाही, आणि सरळ दक्षिण. यांनी गाडी थांबवली. आता हसू येईना. सासूबाई ओटीवर बसल्या असतील, कोणी पाणी दिलं तरी दोन घोटांवर घेत नसतील. त्यांना घेरी आली तर गाडीचा दिवा काय कामाचा, आणि व्रत तरी काय कामाचं?

मी डोळे मिटले आणि मघा जिथं बेल वाहिला होता ते ठिकाण आठवलं. तिथंच तर तो सोळा वर्षांचा मार्कंडेय पिंडीला मिठी मारून बसला होता. यम फास घेऊन आला आणि महादेवानं त्याला हात हलवत माघारी पाठवलं. माझ्या कपाळाला तिथलंच भस्म होतं.

"ऐकता का," मी म्हटलं, "आपन मार्कंड्याहून येऊन राह्यलो. यमाले जिथून रिकाम्या हातानं जा लागलं तिथून. त्याच्या दिशेले दिवा दाखवला त तो आपल्याले काय करनार? उलट तोच बाजूले होऊन रस्ता सोडन."

"मायले काय सांगशीन?"

"जे तुमाले सांगतलं थेच."

यांनी मान डोलावली. मी बटन दाबलं. पाळ, पाणी, पलीकडची मोहाची झाडं, सगळं एका दमात समोर आलं. पाण्यावरून बगळ्यांची रांग उठली. दक्षिण दिशा एवढी देखणी असते, हे मला त्या दिवशी कळलं. यांनी गाडी अशी सोडली की गुणाबाई महादेवाचं नाव घेऊ लागली आणि घर येईपर्यंत थांबली नाही.

आमच्या अंगणात शिरलो तेव्हा तुळशीची सावली घराच्या भिंतीवर छपरापर्यंत गेली. सासूबाई ओटीवर बसल्या होत्या, डोळ्यांवर हात धरून.

"दक्षिनेकडं तोंड करून आल्या ना तुम्ही?"

"हो, बाई," मी म्हटलं. आणि पाळीवर जे सुचलं होतं ते सगळं सांगितलं. कधी नव्हे तो माझा आवाज अंगणात शेवटपर्यंत ऐकू गेला. हे इंजिनाजवळ उभे राहून उगाच काहीतरी तपासत होते.

सासूबाईंनी डोळ्यांवरचा हात खाली घेतला. ओठ हलत होते, बहुतेक मार्कंडेयाची कथा पहिल्यापासून मनाशी लावून पाहत होत्या. मग त्यांनी गाईचा वाटा आधी गाईला द्यायला लावला आणि आपला तळवा पुढं केला.

मी चुरमा ठेवला. यांनी दिवे विझवायला बटनाकडं हात नेला.

"राहू दे," सासूबाई म्हणाल्या. "इंदीनं तूप घातलं का नुसताच तुपाचा हात लावला, मले नीट पाहू दे."

त्यांनी तळवा उजेडात धरून चुरमा बोटानं उलटसुलट करून पाहिला, पहिला घास तोंडात टाकला आणि मला शेजारी बसायला जागा करून दिली.