कमांडर पाहुणा

भूपेशचं ऐकून पारुबाईने मोहाच्या दारूची बाटली कणगीत, ज्वारीखाली दडवली होती. भूपेश अक्कलकुव्याच्या बोअरवेल ठेकेदाराचा माणूस. त्यानेच तिच्या दिनेशला पश्चिम आफ्रिकेत बोअर मारायच्या कामावर पाठवलं होतं.

"मामी, दारूनं नाव काढू नका," अंगणात फोन धरून तो पुन्हा म्हणाला. "तठे दोन गट शेतस. त्यातला एक पिणाराले झोडपी काढस. कोणता, ते माले ठाऊक नहीं."

दोन्ही गट वर्षापूर्वी एकच होते. कर्नल आणि कमांडरने मिळून राजधानी घेतली, मग सोन्याच्या खाणीवरून एकमेकांवर बंदुका रोखल्या. दिनेशचं मशीन कर्नलच्या मुलखात चालू होतं. कमांडरची माणसं तिथं घुसली, दिनेशला धरलं आणि हा कर्नलने भाड्याने आणलेला शिपाई, असं ठरवून मोकळी झाली. दिनेश सांगत राहिला, मी डोंगरातला मजूर आहे. शेवटी कमांडर म्हणाला, "तुला विचारलं तेच तुझ्या घराला विचारतो. उत्तरं जुळली तर जाशील."

फोन वाजला. आधी दिनेशचं तोंड दिसलं, एक डोळा सुजलेला. हात पाठीमागे होते. शेजारी खुर्चीत एक थोराड माणूस, मांडीवर बंदूक. मागे उभा असलेला हिंदी बोलणारा दुभाषा.

"याहा," दिनेश एवढंच म्हणाला. 'आई' अशी ती हाक ऐकून पारुबाई पुढं सरकली, तेवढ्यात मागच्याने त्याचा खांदा दाबला.

"कमांडर विचारतात, घर दाखवा."

भूपेशने फोन फिरवला. बांबूचा कूड, खाट, दोन कोंबड्या, नांगर. खुर्चीतला माणूस हसला नाही.

"कमांडर म्हणतात, मी तुमच्या दारात पाहुणा आलो. मला काय द्याल?"

दिनेशच्या बापाने, आमश्याने, सवयीने बायकोकडे पाहिलं. भूपेश ओठ न हलवता पुटपुटला, "पाणी, मामी. पाणीच."

पारुबाई उठली. माठापर्यंत गेली, तांब्या उचलला आणि थांबली. दिनेशला आधी हेच विचारलं असणार. भुकेला, बांधलेला पोरगा काय बोलला असेल? भूपेशने शिकवलेलं त्याला कुठून ठाऊक? त्याला घरच ठाऊक.

तिने तांब्या खाली ठेवला आणि कणगीत कोपरापर्यंत हात घातला.

बाटली पाहून भूपेश पुढं आला. "मामी, मारी टाकशी पोऱ्याले!"

"गप रे," आमश्या म्हणाला. त्याने पेला भरला, बोट बुडवून थेंब जमिनीवर सांडले, बापाचं नाव घेतलं, आज्याचं घेतलं. मग पेला फोनसमोर धरला.

कमांडर पुढं वाकला. त्याने काहीतरी हळू विचारलं.

"जमिनीवर का सांडली?"

"मेलेल्यांची," आमश्या मोडक्या हिंदीत म्हणाला. "त्यांच्या आधी आपण कसं प्यायचं?"

कमांडरने दिनेशकडे बघितलं, मग बराच वेळ बंदुकीकडे. पारुबाईला कोंबड्यांचं खुडखुडणंही नको झालं. मागचा माणूस घसा खाकरून म्हणाला, "कमांडरचा भाऊ कर्नलने मारला. कर्नल आणि तो एकाच ताटात जेवलेले. भावासाठी पण टाका म्हणतात."

"नाव सांगा. नावाशिवाय कसं टाकू?"

"सेकू."

"सेकू," आमश्याने जिभेवर जमवत म्हटलं आणि थेंब सांडला.

फोन हलला. आकाश दिसलं, कोणाचे तरी बूट दिसले. भूपेश दिनेशचं नाव घेऊन ओरडू लागला. पारुबाईने त्याच्या हातातून फोन ओढून घेतला.

पुन्हा दिनेश दिसला. त्याच्या हातात पत्र्याचा कप होता. दोन्ही हातांनी धरलेला. मनगटांवर दोरीचे लाल वळ होते.

"याहा," तो म्हणाला, आणि पिण्याआधी थेंब सांडायला जमिनीकडे वाकला.