ठकीचा आवाज शून्य

"वरच्या ओळीवर उडी मारू नकोस. तिथे फक्त आपटलेला दिसतो. ढकलणारा खाली असतो, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच घरचा निघतो," असं आमच्या टीमचे सर म्हणाले होते. मी "हो हो" म्हणून सोडून दिलं. प्रोग्रॅम कोसळला की त्यातला कोणता तुकडा कुणाला हाक मारत तिथवर पोचला, त्या ओळींची उतरंड कोड लिहायच्या एडिटरमध्ये दिसते. हव्या त्या ओळीवर एंटर मारा, ती फाइल नेमक्या जागी उघडते. एवढी सोय असताना खालपर्यंत कोण वाचत बसणार?

त्या दुपारी ताप उतरून ठकी, म्हणजे आमची लेक, एकदाची झोपली होती. दार उघडलं की ती उठते, म्हणून मी पाळण्याला माइक अडकवला आणि तिचा श्वास ऐकून मला कळवणारा प्रोग्रॅम लिहिला. तोच कोसळला.

"उठून बघ ना," नवरा म्हणाला.

"जागी होईल ती."

"मग मी बघतो."

"तू आणि हळू चालणार? थांब जरा."

मी वरच्या ओळीवर एंटर मारलं. मी आयत्या वापरलेल्या कोडमधली, कुणा परक्याची फाइल उघडली. त्याच्या लिखाणाला नावं ठेवत मी तिथे ठाकठोक केली. तरी कोसळलाच. पुन्हा एंटर, पुन्हा ठाकठोक.

"दुसऱ्याच्या घरात काय भांडी लावत बसलीयस?" नवरा खांद्यावरून वाकून म्हणाला. "ही खालची ओळ तुझ्या फाइलची आहे."

नाक मुरडत तिथे गेले. माझाच भागाकार. आवाजाच्या सरासरीने भागत होते, आणि सरासरी आली होती शून्य. चूक सापडली म्हणून मी इतकी खूश, की लगेच दुरुस्तही करून टाकली. प्रोग्रॅम शहाण्यासारखा चालू लागला आणि त्याने कळवलं: आवाज शून्य.

शून्य? सकाळपासून जिचं नाक शिट्टी वाजवत होतं, तिचा?

खुर्ची उलटली. दारावर धडकले ती मी. ठकी पाळण्यात बसून माइक चघळत होती. त्याचं बटण तिनेच दाबून बंद केलं होतं. मला बघून ती हसली. रडले मी.

आता नवरा तिला आत भरवतोय. "माइक बंद असला तर तसं कळायची सोय कर, तोवर जागची हलू नकोस," अशी मला तंबी आहे. पण बराच वेळ आतून चमचासुद्धा वाजलेला नाही. मी उठले तर तो आठवडाभर चिडवेल. तुम्ही जरा डोकावून येता का?