सासूबाईंचं पोट

बयाबाईंचं पोट वाढायला लागलं आणि निकिताची मान खाली जायला लागली.

पोट सासूचं आणि लाज सुनेला, म्हणजे बघा. पण सिडकोतल्या त्यांच्या बिल्डिंगीतल्या बायका काही मुक्या नव्हत्या. निकिताच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. "काही आहे का गं?" हा प्रश्न तिला जिन्यात, किराणा दुकानात, कुठेही गाठायचा. काही नव्हतं. आणि आता पन्नाशीला टेकलेली सासू, जन्मभर इगतपुरीकडे भातलावणी केलेली काटकुळी बाई, पोट पुढे काढून चालायला लागली होती.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या शुभांगीनं सगळ्यांदेखत म्हणून टाकलं, "काय मावशी, सुनेच्या आधी तुमचाच नंबर लागला की काय?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बायका खो खो हसल्या. बयाबाई कसनुशा हसल्या आणि पदर पोटावर ओढून बसल्या. निकिताला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

घरी आल्यावर ती सासूशी बोलली नाही. बोलणार तरी काय? बयाबाईंची पाळी वर्षभर बंद होती. त्या अर्धी भाकरी खाऊन ताट सारायच्या, "पोट लगेच भरतंय गं" म्हणायच्या, सारख्या लघवीला उठायच्या. ही लक्षणं निकितानं ऐकली होती ती डोहाळे लागलेल्या बायकांकडून. दुसरं काही असू शकेल, हे तिच्या मनाला शिवलंही नाही. सासरे धोंडीराम गावाकडून आले की तीच लाजून आत पळायची. ज्यांनी लाजायचं ते आपले निवांत चहा पीत बसलेले.

एक दिवस घरात कोणी नाही असं बघून बयाबाई स्वयंपाकघरात आल्या. "निकिता, तुझ्याकडं ती पट्टी असती ना, दिवस गेलेत का ते बघायची?"

निकिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दर महिन्याला आपण गुपचूप तपासतो, ते सासूला ठाऊक होतं तर.

"महेशला नको सांगू," बयाबाई म्हणाल्या. "पोराला तोंड दाखवायला जागा राहायची नाय मला."

निकितानं पट्टी काढून दिली आणि मोरीच्या दाराशी उभी राहिली. एकच रेघ उमटली. दिवस गेलेले नव्हते. बयाबाई तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि "सुटले बाई" म्हणाल्या. मग दोघी हसत सुटल्या.

निकिताही सुटली. त्या दिवसापासून ती शुभांगीच्या दारावरून ताठ मानेनं जायला लागली. पोटात वारा धरला असेल, म्हणून मेडिकलमधून गॅसच्या गोळ्या आणल्या, ओवा आणि काळं मीठ दिलं. पोट वाढतच होतं. पण आता ते पाप नव्हतं ना, मग घाई कसली?

होळी आली तोवर बयाबाईंची गालफडं बसली. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले आणि पोट मात्र टणक. त्या दोन घास खाऊन हात धुऊन उठल्या, ते पाहून महेश भडकला. "आईला अन्न जात नाही आणि तुम्ही दोघी गॅसच्या गोळ्यांवर काय भागवताय?" त्यानं अंबडच्या कंपनीत सुट्टी टाकली आणि दोघींना घेऊन बायकांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. "किती दिवसांपासून आहे हे?"

बयाबाईंनी एकदा निकिताकडे पाहिलं. "झालं असंल आठ-दहा दिस."

झाकली मूठ सव्वा लाखाची. निकिता गप्प बसली असती, तर बायकोनं त्याच्या आईची कसली तपासणी केली हे महेशला जन्मात कळलं नसतं. पण आठ दिवसांच्या पोटाला डॉक्टरही गोळ्याच देतील, एवढं तिला समजत होतं.

"नाही मॅडम, दिवाळीपासून आहे," ती म्हणाली आणि फरशीकडे बघत सगळं सांगून टाकलं. पट्टीचंही. महेशनं चमकून तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं तिला मारापेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाल्या, "पाळी गेल्यावर पोट असं फुगलं, भूक मेली, सारखी लघवी लागली आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर अंडाशय तपासून घ्यायचं असतं. तिथं कॅन्सर असला तर तो असाच चोरपावलांनी येतो. आहेच असं मी आज म्हणत नाही. पण पोटात पाणी आहे आणि गाठ हाताला लागतेय. आत्ताच सोनोग्राफी करायची, रक्त द्यायचं." मग त्यांनी निकिताकडे पाहिलं. "टेस्ट निगेटिव्ह आली, तेव्हा तरी यायचं होतं. तेव्हा काय केलंत?"

"हसलो," निकिता म्हणाली. "पोट मग कशानं वाढतंय, हे विचारलंच नाही. मोरीच्या दारात दोघी हसत बसलो."

महेश खाली मान घालून बसला.

"तिला नका बोलू बाई," बयाबाई पदर सावरत म्हणाल्या. "आधी मीच हसले. माझं बघून ती हसली."

निकितानं मान वर केली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं.

"मॅडम, आई खोटं सांगतायत," ती म्हणाली. "आधी मी हसले."