काल धुतलेला क्रॉस

"इतिहास शेवटी माझ्याच घरी मुक्कामाला येणार!" अशी घोषणा करून घड्याळजी मेव्हण्याच्या स्कूटरवर बसले, आणि डाव्या पायातली चप्पल उजव्या पायात आहे हे कळल्यावर खाली उतरले.

फ्रेंच लष्करी पदकांचं वेड त्यांना तीस वर्षांपासून होतं. पहिल्या महायुद्धातला शौर्याचा 'क्रुआ द गेर' हा क्रॉस चार प्रकारचा. फरक फक्त पाठीवरच्या सालांचा. तीन त्यांच्याकडे होते. चौथा, १९१४-१९१५ लिहिलेला, मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंच्या ट्रंकेत निघाला होता.

"दाजी, पायात उलट्या चपला! लग्नातसुद्धा एवढे घाबरला नव्हतात," मेव्हणा स्कूटर सुरू करत म्हणाला.

"लग्नात घाबरायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

बाईंनी शिवणयंत्रावरची पॅन्ट बाजूला सारून क्रॉस ठेवला. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं. क्रॉसवरच्या तलवारी बरोबर. साल बरोबर! राहिली क्रॉस लटकवायची फीत. जुनी सुती फीत अतिनील दिव्याखाली काळपट राहते, हल्लीची नकली चमकते. मेव्हण्याने पडदा ओढला, घड्याळजींनी दिवा लावला.

फीत निळीशार चमकली.

"संपलं. नकली!" घड्याळजी मटकन चिंध्यांच्या ढिगावर बसले.

"नकली कुणाला म्हणता हो?" बाई कडाडल्या. "फ्रान्सात गोळ्या चुकवत जखमी वाहिलेत माझ्या आजोबांनी! तुम्ही येणार म्हणून काल फीत उसवली, विरलेली कड कापली, धुण्याच्या पावडरीत भिजवली, इस्त्री मारून परत टाचली. आता नाही चमकणार तर कधी?"

"पावडरीत?" घड्याळजींनी दिवा मेव्हण्याच्या धुतलेल्या शर्टाकडे वळवला. शर्टही तस्साच पेटला. "आणि ती कापलेली कड?"

बाईंनी केराच्या टोपलीत हात घालून बोटभर तुकडा काढला. दिव्याखाली तो ढिम्म काळा राहिला.

"अस्सल! अहो, अस्सल!" घड्याळजी उडीच मारायचे, मेव्हण्याने सदऱ्याला धरून ठेवलं. "बाई, मागाल ते देतो! काचेच्या पेटीत, अगदी मधोमध ठेवीन. आजोबांचं नाव खाली सोनेरी अक्षरांत!"

बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं.

"पैसे नकोत. ट्रंकेत पडण्यापेक्षा तुमच्याकडे नांदेल. पण एक काम करावं लागेल."

घड्याळजी ताठ उभे राहिले. "आज्ञा करा!"

"ही बटणांची बरणी. परवापासून झाकण निघत नाहीये. तेवढं उघडून द्या."