भिंतीची जाडी

वाईट बातमी असली की फ्रेमवाले ती बायकोला सकाळीच सांगत. दुपारपर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही, हा तिचा रोजचा नेम. त्या नेमाच्या आडोशाने त्यांनी संसारातले बरेच वार चुकवले होते.

त्या दिवशीही तिची प्रार्थना आटोपते न आटोपते तोच ते दारात उभे.

"अगं, वरच्या खोलीचा नकाशा परत आला. मोठी होतेय म्हणे खोली. नकाशा तपासणाऱ्या बाई दुपारी जागा बघायला येणारेत."

'पाठवायच्या आधी नाही का कळलं?' हे तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. "चहा ठेवू?" एवढंच म्हणाली.

दुकानावर खोली चढवायची ती नणंदेसाठी. नणंद कपडे शिवून पोट भरी आणि तिची भाड्याची जागा मालकाने विकायला काढली होती. तिला राहायला घरात जागा होती. कापड बेतायच्या तिच्या टेबलाला नव्हती. टेबल कसलं, पलंगच तो, दोन माणसं ऐसपैस निजतील असा. ते गेलं तर कुणाच्या तरी कारखान्यात मशीनवर बसायचं, असं तिने हसत हसत सांगितलं होतं. आणि नणंद हसत सांगते तेव्हाच काळजी करायची, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं.

परवानगी खात्यातल्या इंजिनिअर बाई गोड बोलणाऱ्या, पण मोजपट्टीला कडक.

"बाजारातला प्लॉट आहे," त्या म्हणाल्या. "प्लॉट केवढा, त्यावर सगळे मजले मिळून किती बांधायचं ते ठरतं. त्यातून खालचं दुकान, घर आणि मागची शेड वजा करायची. उरेल तेवढंच वर."

"तेवढंच तर काढलंय!" फ्रेमवाले म्हणाले. "स्वतः मोजलंय, मॅडम. या हातांनी आजवर एक चौकट तिरकी गेलेली नाही."

"मोजलंत कसं?"

त्यांनी दाखवलं. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत.

बाईंनी टेपचं एक टोक त्यांच्या बायकोच्या हाती दिलं आणि तिला बाहेर कोपऱ्यावर उभं केलं. "आम्ही बाहेरून मोजतो. भिंतींसकट."

टेप धरल्याधरल्या तिला हसू आलं. फ्रेम करणारा माणूस! आत चित्र नीट बसलं की झालं. लाकूड जाड की बारीक, चित्राला त्याचं काय? जन्मभर तसं मोजत आले आणि घरही तसंच मोजलं. त्यात सासऱ्यांनी बांधलेल्या भिंती म्हणजे किल्ल्याच्या. ती सगळी जाडी हिशेबात धरल्यावर वर उरली ती खोली अशी, की टेबल आत गेलं तर नणंद बाहेर.

"माझी जागा, माझ्या विटा," फ्रेमवाले तणतणले, "वर पुन्हा मागेपुढे मोकळं सोडा ते वेगळंच!"

"सगळ्यांनी काठोकाठ बांधलं तर या गल्लीत ऊन कुठून यायचं, काका?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मागची शेड पाडा. तेवढी जागा वर मिळेल."

त्या गेल्या. नेमाची वेळ टळून गेली होती, तरी बायको हळूच बोलली. "चित्राभोवतीचा कोरा कागद काढा, उगाच काच मोठी लागते, असं गिऱ्हाइकानं म्हटलं की त्याच्याशी कोण भांडतं हो? चित्राला श्वास घ्यायला जागा लागते म्हणून?"

"तो कागद वेगळा."

"कसा?"

ते चष्मा पुसत बसले.

संध्याकाळी नणंद आली आणि तिघं शेडमध्ये जाऊन उभी राहिली. लोकांनी फ्रेम करायला दिलेले आणि पुन्हा न्यायलाच न आलेले फोटो तिथे भिंतीला टेकून होते. नवंकोरं, अवघडलेलं जोडपं. लाकडी घोड्यावरचा पोरगा. कुणाची तरी आजी, फोटोग्राफरवरच रागावलेली.

"ही लोकांची ठेव आहे," फ्रेमवाले म्हणाले. "उद्या कुणी आलं तर काय सांगू? तुमची आजी पाडली? शेडला हात लावायचा नाही."

बायकोला त्यांचा राग येईना. रोज सकाळी काचा पुसताना ती या सगळ्यांसाठीही देवाकडे दोन शब्द मागत असे. नावं ठाऊक नव्हती, पण देवाला असतील. आता एका बाजूला ही मुकी माणसं आणि दुसऱ्या बाजूला ही बोलती, हसणारी नणंद.

"वहिनी, राहू द्या," नणंद म्हणाली. "कारखान्यात पाठ टेकायला खुर्ची देतात म्हणे. माझ्या स्टुलापेक्षा बरं." आणि हसली.

ते हसू वहिनीला सोसवेना. आधाराला तिने दुकानाच्या मागच्या भिंतीवर हात टेकला. गार, जाड भिंत. हिच्यापायी तर खोली गेली.

"अहो," ती म्हणाली, "भिंती मोजल्याच आहेत ना त्यांनी? मग त्या वापरू या की. दुकानाच्या, जिन्याच्या, वरच्या. सगळ्यांना भिंतीवर चढवा. ठेव अंधारात कोंडलीच पाहिजे, असं कुठं आहे?"

फ्रेमवाल्यांनी आजीकडे पाहिलं. "दुकान म्हणायचं का कुणाच्या लग्नाचा मांडव?"

"आणि मी शिवायचं एवढ्यांच्या देखत?" नणंद म्हणाली. "एक टाका चुकवायची सोय नाही! ही आजी तर उसवायलाच लावेल."

"लावू दे. तुझं काम सुधारेल," फ्रेमवाले म्हणाले आणि वाकून त्यांनी आजीला उचललं. "पण खिळे मीच ठोकणार. तुम्हा दोघींना ओळंबा कळत नाही."

शेड उतरवली. नवा नकाशा त्यांनी बाहेरून मोजला, आणि मनाच्या समाधानासाठी एकदा आतूनही. तो मंजूर झाला. खोली उभी राहिली, टेबल चढलं, त्याच्याशेजारी नणंदही मावली. शेडच्या जागी आता नुसतं ऊन पडत होतं, आणि फ्रेमवाले चहाचा कप घेऊन तिथे जाऊन बसत.

मग एका सकाळी, प्रार्थना आटोपते न आटोपते तोच, ते दारात उभे.

"अगं, भिंती संपल्या. घोड्यावरचा पोरगा उरलाय." त्यांनी खिळा पाठीमागे लपवला होता. "आपल्या खोलीत लावू का?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. गिळावं असं आज जिभेवर काहीच आलं नव्हतं.

"माझ्या बाजूला लावा," ती म्हणाली. "आणि जरा खाली. लहान आहे तो."