ताक प्यायलेलं मशीन

बोअरच्या पाण्याने धुतलेल्या स्टीलच्या पेल्यावर पांढरे डाग राहतात.

बैलाचं पोट फुगलं की त्याला बांबूच्या नळकांड्यातून औषध पाजतात. एकाने मान वर धरायची, दुसऱ्याने ओतायचं.

म्हसा गावच्या यात्रेत घोंगडी मिळते, बैल मिळतो. कॉफी आजवर मिळाली नव्हती.

भागीरथीची डाळ फक्त विहिरीच्या पाण्यात शिजते.

हे चार तुकडे एका दुपारी एकाच ओट्यावर आले.

ओटा अक्षदाच्या सासरचा, मुरबाडजवळच्या गावातला. अक्षदा कल्याणची. लग्नानंतर इकडे येताना एसटीत कॉफीचं मशीन मांडीवर घेऊन बसली होती. काय आहे, असं कंडक्टरने विचारलं तेव्हा मिक्सर म्हणाली. खरं सांगेपर्यंत मुरबाड आलं असतं.

उद्यापासून म्हशाची यात्रा. तिथल्या राघोमामाच्या हॉटेलाच्या कडेला तिला एक टेबल आणि विजेचा एक बोर्ड मिळाला होता. पाटी रंगवून झाली होती. सासरा धाऊ गावभर सांगून आला होता, आमची सून फेसाची कॉफी देणार, सगळे या. आणि आजच मशीन बसलं. बटण दाबलं की थरथरायचं, कण्हायचं आणि तोटीतून एक थेंब टाकून गप्प व्हायचं.

(इथे अक्षदा रडली. थोडंच. तो भाग गाळला आहे.)

रेंज फक्त गच्चीवर येते, म्हणून तिने तिथून कल्याणच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तुमचं पाणी जड, आत क्षार धरलाय. काहीतरी आंबट सोडा, सुटेल. तिने तसंच कठड्यावरून खाली सांगितलं आणि नेमकं काय आंबट, ते विचारायला पुन्हा फोन कानाला लावला.

ती जिना उतरून येईपर्यंत धाऊने उपचार उरकला होता. शिळं ताक, कुटलेला ओवा घालून. नळकांडं अजून त्याच्या हातात होतं. टाकीचं झाकण सासूने, भागीरथीने, वर धरलेलं होतं.

"ओवा कशाला, आबा?"

"पोटात मुरडा नको यायला."

"मी सांगत व्हते गो," भागीरथी म्हणाली, "यंत्र हाय, बैल नाय. पन यांच्या हातात नळकांडं आलं की समोर कोन हाय ते दिसत नाय यांना."

तरी झाकण कोणी धरलं, हे अक्षदाने विचारलं नाही.

धाऊने बटणही दाबून पाहिलं होतं. आत ताक तापलं आणि फाटलं. तोटीला चोथा लोंबत होता. घरभर ओव्याचा वास सुटला होता. अक्षदा पाटीकडे बघत म्हणाली की राघोमामांना कळवते, टेबल दुसऱ्या कोणाला द्या.

धाऊ मोटारसायकल काढून मुरबाडला गेला आणि फरसाणवाले वापरतात ते लिंबूसत्व घेऊन आला. फरसाणाची भट्टी चालेल इतकं.

मग साधं पाणी, परत साधं पाणी, ताकाचा मागमूस जाईपर्यंत. तोटीची जाळी काढून टूथब्रशने घासली. त्यानंतर लिंबूसत्वाचं पाणी: थोडं सोडायचं, बंद करायचं, मुरू द्यायचं, पुन्हा थोडं. धाऊ मशीनसमोर पाट टाकून बसला. अक्षदा म्हणाली, आबा, तुम्ही जेवून घ्या, मी बघते.

"आजारी जनावराला सोडून जेवत नाय," तो म्हणाला आणि त्याने मशीनच्या पाठीवरून हात फिरवला.

आधी करडं पाणी आलं. मग वाळूसारखे पांढरे कण. मग एक उचकी. आणि मग अख्खी धार, जाड, सरळ, वाफाळती.

शेवटच्या धुण्याला अक्षदा नळाकडे वळली, तर भागीरथीने डाळीसाठी भरलेली कळशीच पुढे केली.

"ह्ये घे. यात्रेला पन ह्येच ने. आज डाळ नाय करत."

पहिला कप धाऊने मागून घेतला. सगळा संपवला, मग म्हणाला, "आंबट हाय. पन फेस हाय." पुन्हा धुतलं. दुसऱ्या कपात आंबटपणा नव्हता. ओवा मात्र होता, अगदी पुसट. तो काही केल्या जाईना. रात्री सगळ्यांनी भाकरीबरोबर ठेचा खाल्ला आणि कोणी डाळीचं नाव काढलं नाही.

यात्रेत घाटावरून आलेल्या एका बैलवाल्याने कॉफी घेतली, वास घेतला, मान हलवली. थोड्या वेळाने आणखी तिघांना घेऊन आला आणि म्हणाला, पोटाला बरी असते ती द्या. अक्षदाने खडू मागितला आणि पाटीवर कॉफीच्या आधी लिहिलं: ओव्याची.

क्षार साचला की पेटणारा नारिंगी दिवा दिवाळीपासूनच पेटत होता. मशीनला नजर लागू नये म्हणून भागीरथीने बरोबर त्याच्यावर काळी टिकली चिकटवली होती.