मोज्यावरची कातडी

“यात तेल कोणी घातलं?” डॉक्टर अलकाताईंनी काचेची बशी उजेडाकडे धरली.

“मी, मॅडम.” कारभारीला अभिमानच वाटला. “धागा कसा चमकतोय बघा.”

कारभारी सिल्वासाजवळच्या अथालच्या धाग्याच्या कारखान्यात मशीन चालवायचा. चैत्रात स्टोव्ह भडकला आणि त्याच्या बायकोची, बायडाबाईची, पाठ सोलून निघाली. जखम भरेना. मुंबईच्या प्रयोगशाळेतल्या अलकाताई आठवड्यातून एकदा सिल्वासाच्या दवाखान्यात यायच्या. त्या म्हणाल्या, तिच्याच कातडीचा तुकडा घेऊन पेशी वाढवून बघू. पण पेशींना वेलासारखा आधार लागतो, बारीक तंतूंची जाळी लागते. परदेशी जाळी कधी येईल ते देवाला ठाऊक, आणि देवही कस्टममध्ये अडकलेला.

जाळी म्हटल्यावर कारभारी उठलाच. कारखान्यात रंग तपासायला धाग्याचा लांबलचक मोजा विणतात. त्याला टाच नसते, पंजा नसतो, तो कोणी घालतही नाही. त्याने सगळ्यात बारीक धाग्याचा विणला.

“वहिनींची चामडी आता मोज्यात उगणार,” शेजारच्या मशीनवरचा लखन म्हणाला. “कारभारीभाऊ, दुसऱ्या पायाचा पण काढ. जोडीच लागते.”

पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, जाणाऱ्या सॅम्पलवर तेलाचा एक हात मारायची कारखान्यात रीत. कारभारीने तीन मारले. बायको म्हणजे काय साधी पार्टी?

अलकाताईंनी मोजा धुतला, उकळला. पण एवढं तेल त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

“पेशी घसरल्या का?” कारभारीने विचारलं.

“धागा धरलाच नाही त्यांनी. जमलं असतं तर पाय पसरून धाग्याच्या अंगाने लांब झाल्या असत्या. या गोळा होऊन तरंगल्या. मेल्या.”

“दुसरा विणतो ना. कोरडा ठक्क.”

“मोजा मिळेल हो. कातडी कुठून आणू? ताप अंगात भिनलाय. परत सुरी लावली तर टेबलावरच जाईल ती.”

“माझी घ्या. सगळी पाठ घ्या.”

“तुमची नाही चालत. शरीर परकी कातडी टाकून देतं.”

“चार पोरं झाली, मॅडम,” कारभारी म्हणाला. “मी परका कसा?”

शास्त्रात याला उत्तर होतं. अलकाताईंनी बशी झाकून ठेवली.

वॉर्डात बायडाबाई पालथी पडली होती. “लागी गयी का कातडी?” तिने गावाकडच्या अहिराणीत विचारलं.

“लागी गयी.”

“मंग इतलं दुखस काबर?”

“नवी शे ना.”

ती जरा हसली. तेवढ्यात नर्स आली. बाईचा हात सुजतोय म्हणाली, आणि साबण लावून एकेक करत तिच्या हिरव्या बांगड्या उतरवल्या. “सांभाळा.”

मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून कंपनीने कामाच्या ड्रेसचे खिसेच शिवून टाकले होते. कारभारीने इकडेतिकडे पाहिलं आणि बांगड्या आपल्याच मनगटात चढवल्या. फुटू नयेत म्हणून तो हात छातीशी धरून, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा घेऊन तो पाळीला निघाला.

कारखान्याच्या गेटवर लखन बिडी ओढत उभा होता. त्याने बांगड्या पाहिल्या. तोंड उघडलं, बिडी विझवली आणि पुढे होऊन कारभारीच्या हातातला डबा तेवढा घेतला.